डोहातली नावं

श्रोतेहो, नमस्कार.

इंदापूर तालुक्यात, पळसदेवच्या बाजूला, आमचं जुनं गाव भीमेच्या काठावर होतं. १९८० साली उजनी धरण पूर्ण झालं, त्याच्या पाण्याखाली गाव गेलं. गावाबरोबर आमचा डोहही गेला. आज बोलायचंय ते त्या डोहातल्या माशांबद्दल.

मी तेव्हा तिसरी-चौथीत असेन. उन्हाळ्यात भीमा आटायची. पात्रात वाळू, उघडे पडलेले काळे कातळ, आणि मधेमधे डोह. वैशाखात शाळेला सुट्टी लागली की दादा, म्हणजे माझे आजोबा, मला पहाटे उठवून नदीवर न्यायचे. बांबूची काठी, दोरा, बाजारातून आणलेला गळ आणि पाण्यावर तरंगायला ज्वारीच्या चिपाडाचा बोटभर तुकडा. आमिषाला गांडूळ, नाहीतर कणकेची गोळी. चिपाड नुसतं थरथरलं तर बारका मासा टोकतोय असं समजायचं. तिरकं होऊन बुडालं की ओढायचं. दादा बसले की बोलत नसत. ओढायची वेळ आली की माझ्या गुडघ्यावर एक बोट टेकवायचे, बस्स.

मासा हातात आला की मात्र आधी त्याचं नाव. हा शिंगटा, याला पाठीकडून धरू नकोस, काटा मारील. ही वाम, सापासारखी दिसते म्हणून सोडून देऊ नकोस. हा मळ्या. मळ्या गळाला क्वचितच यायचा. तो वाहत्या पाण्यात दगडाला पोटाकडून चिकटून बसतो, आम्ही पोरं त्याला हातानंच खरवडून काढायचो. आणि मरळ. पावसाळ्यात काठच्या गवतात मरळीच्या पिल्लांचा लालसर घोळका दिसायचा, खाली आईबाप राखण करत फिरायचे. त्या दिवसांत त्या मरळीवर गळ टाकायचा नाही, असं दादांचं बजावणं होतं. भोई आळीतले जाणते लोकही ते पाळत. आईबाप काढले तर दुसरे मासे त्या पिल्लांना खाऊन टाकतात, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

आजी माळकरी. घरातल्या चुलीवर मासे चढायचे नाहीत. परसात तीन दगडांची चूल मांडून दादा स्वतः कालवण करायचे, आणि आजी ओसरीवरून विचारायची, "आज काय घावलं?" खायची नाही, पण नावं तिलाही सगळी पाठ होती.

पुढे नोकरीच्या गावी एका ग्रंथालयात दख्खनच्या माशांची यादी माझ्या हाती लागली. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानं आपल्या भागातल्या नद्यांमधल्या माशांची वर्णनं १८३९ साली छापली. त्यानं शास्त्रीय नावं ठेवताना इथल्या लोकांच्या तोंडचेच शब्द उचलले. लॅटिन नावांच्या त्या रांगेत मी 'मुल्या' वाचलं आणि थबकलो. तो आमचा मळ्या! खाली 'कोलस', म्हणजे कोळशी. पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेला 'खुद्री', म्हणजे आपला महसीर. आणि चाकणजवळ इंद्रायणीत सापडलेला 'नुक्ता'. तो नकटा! नाकाडावर खोल खाच असते त्याच्या, नाव कुणी ठेवलं असेल ते सांगायलाच नको. जगभरचे अभ्यासक आजही या माशांना त्याच नावांनी ओळखतात. दादांची सही अंगठ्याची होती. ती यादी पुढ्यात धरून मी किती वेळ बसलो, आठवत नाही.

धरण झाल्यावर वाहती नदी थांबली. मळ्याला, नकट्याला खळाळतं पाणी आणि स्वच्छ कातळ लागतो. तिथं गाळ साचला, वरून शहरांचं सांडपाणी आलं, पुढं वाळूही उपसली गेली. चिलापी, म्हणजे तिलापिया मासा, १९५२ साली बाहेरून भारतात आणलेला. साठलेलं पाणी तिला मानवलं, आणि आज उजनीच्या जाळ्यांत तीच भरभरून येते. भिगवणला लोक मुद्दाम मासे खायला थांबतात, त्या व्यवसायावर कितीतरी घरं चालतात, माझेही नातेवाईक त्यात आहेत. त्यांच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. धरणाच्या पाण्यानं आमच्या भागात ऊस आला, हेही खरंच. पण दादांनी मला शिकवलेल्या नावांपैकी निम्मी नावं आता तिथं कुणाला लागत नाहीत, याचं दुःख मला आहे आणि ते लपवावंसं वाटत नाही.

कडक उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं. दोन-तीनदा आमचा कातळही उघडा पडला. मी त्यावर जाऊन बसलो, ओल्या कडेनं हात फिरवून पाहिला. बोटांना गाळ लागला.

म्हणून एक विनंती. तुमच्यापैकी कुणी इंद्रायणी, भीमा, घोड यांच्या उगमाकडच्या गावांत राहत असाल, आणि नाकाडावर खाच असलेला नकटा अलीकडे पाहिला असेल, तर आकाशवाणीच्या पत्त्यावर मला एक पत्र टाका. गावाचं नाव लिहा, डोहाचं नाव लिहा, आणि तुमच्याकडे त्या माशाला काय म्हणतात तेही लिहा. मी वाट पाहतो.

नमस्कार.