भाजीच्या दोन जुड्या, एक बाण

[दृश्य: चित्राचा वरचा कोपरा, अगदी जवळून]

हा कोपरा नीट बघा. पालेभाजीच्या दोन जुड्या. एक बाण. भरसमुद्र आणि भातशेत. एका तरुणीच्या या जपानी चित्रात ही भाजी कशाला?

आता जपानीत वाचू. पालेभाजी म्हणजे 'ना', दोन म्हणजे 'नि', जुडी म्हणजे 'वा'. बाण 'या', भरसमुद्र 'ओकी', शेत 'ता'. नानिवाया ओकिता! हे या मुलीचं नाव आहे.

ओकिता एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, आसाकुसाच्या देवळाजवळ चहाच्या दुकानात काम करायची. चित्रकार कितागावा उतामारोनं तिला पुन्हा पुन्हा चितारलं. पण १७९३ मध्ये शोगुनच्या, म्हणजे जपानच्या लष्करी राज्यकर्त्याच्या, सरकारनं फर्मान काढलं: गणिका सोडून कुठल्याही बाईचं नाव चित्रावर छापायचं नाही. म्हणून हे कोडं. १७९६ मध्ये कोड्यांवरही बंदी आली.

[दृश्य: कपाळावरची केसांची रेघ]

हे केस मला दर वेळी थांबवतात. ही चित्रं लाकडी ठशांनी छापलेली. उतामारोनं रेखाटन करायचं, पण चेरीच्या लाकडात ते कोरून ठसा करायचा तो दुसराच कारागीर. एकेका केसाच्या दोन्ही बाजूंचं लाकूड काढून टाकायचं, तेव्हा मधे केस उरतो. हात जरा घसरला की केस तुटला. कपाळाची ही कड सगळ्यांत तरबेज कारागिराकडेच जायची. काही चित्रांत चेहऱ्यामागं अभ्रकाची पूड लावलेली असते. कागद हलवला की ती चमकते.

[दृश्य: दुसरं चित्र, रात्र]

आणि ही योशिवारातली. गणिकांची ही वस्ती सरकारमान्य होती. गरिबाघरच्या कितीतरी पोरी तिथं लहानपणीच विकल्या जात. योशिवाराच्या बहुतेक चित्रांत भरजरी किमोनो दिसतात, थकवा दिसत नाही. उतामारोनं मात्र तिथल्या दिवसाचे बारा प्रहर काढले (जपानी प्रहर साधारण दोन तासांचा), आणि त्यातला हा बैलाचा प्रहर, रात्री दोनच्या सुमाराचा. ती झोपेतून उठलीय. एका हातात पेटलेली कागदाची वात, दुसऱ्या हातात कागद. डोळे धड उघडत नाहीत. पाय चपला चाचपडतोय. उतामारोच्या सगळ्या सुंदऱ्यांमध्ये मला हीच सगळ्यांत खरी वाटते, त्या पायामुळे.

हिचं नाव छापायला कायद्याची आडकाठी नव्हती. चित्रावर प्रहर लिहिलाय, उतामारोची सही आहे. तिचं नाव कुठंच नाही.