परदेशातून मागवलेलं पार्सल आणि दारात येणारं बिल

नमस्कार मंडळी. विषय तुम्हीच सुचवलात ते फार बरं झालं, कारण मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे. बाहेरच्या साइटवरून एक वस्तू मागवली, कार्डनं सगळे पैसे भरले, शिपिंगसुद्धा वेगळं भरलं, आणि आता कुरिअरवाला म्हणतो अजून सात हजार द्या तरच पार्सल मिळेल, हे बरोबर आहे का? मी सहारला एअर कार्गोत क्लिअरिंगचं, म्हणजे आलेला माल कस्टम्समधून सोडवायचं काम करतो, त्यामुळे टेबलाच्या त्या बाजूला काय चालतं ते रोज बघतो. उत्तर थोडं तुमच्या विरोधात आणि थोडं तुमच्या बाजूनं आहे. टॅक्स बहुतेक वेळा बरोबर लागलेला असतो. पण तो लागणार आहे, किती लागणार आहे आणि त्यावर कुरिअरची स्वतःची फी किती चढणार आहे, हे तुम्ही पैसे भरायच्या आधी कुणीच सांगत नाही, आणि हे चुकीचं आहे असं माझं ठाम मत आहे. आज मी मुख्यतः त्याबद्दलच बोलणार आहे.

आधी हिशोब समजून घेऊ, कारण आकडा कुठून आला ते कळलं की अर्धी भीती जाते. ड्युटी, म्हणजे कस्टम्सचा आयात कर, वस्तूच्या किमतीवर लागते असं आपण धरून चालतो, पण तसं नाही, त्यात भाडं आणि इन्शुरन्स मिळवतात आणि मग जी रक्कम होते तिला असेसेबल व्हॅल्यू म्हणतात. विमानाचं भाडं कितीही असलं तरी वस्तूच्या किमतीच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त धरायचं नाही असा नियम आहे, आणि इन्शुरन्सचा खरा आकडा माहीत नसेल तर १.१२५ टक्के धरतात. समजा वस्तू ८,००० रुपयांची आहे. भाडं १,६००, इन्शुरन्स ९०, झाले ९,६९०. बरं, डॉलरचे रुपये करताना पण तुमच्या बँकेचा रेट चालत नाही, कस्टम्सनं जाहीर केलेला रेट लागतो.

आता टॅक्स. स्वतःच्या वापरासाठी पोस्टानं किंवा कुरिअरनं येणाऱ्या वस्तूंना टॅरिफमध्ये, म्हणजे ड्युटीच्या दरपत्रकात, वेगळं हेडिंग आहे, ९८०४. या हेडिंगखाली बरीच वर्षं ३५ टक्के बेसिक ड्युटी होती, त्या ड्युटीवर १० टक्के सोशल वेल्फेअर सरचार्ज, आणि मग असेसेबल व्हॅल्यूत हे सगळं मिळवून जी बेरीज येईल तिच्यावर २८ टक्के आयजीएसटी, म्हणजे आयात मालावरचा जीएसटी. म्हणजे टॅक्सवर टॅक्स चढत जातो आणि एकूण होतो ७७.२८ टक्के. आपल्या ९,६९० वर साधारण ७,४८८ रुपये. आठ हजाराच्या वस्तूवर साडेसात हजार ड्युटी ऐकून लोकांना वाटतं कुणीतरी फसवतंय, पण त्या काळातल्या पावत्या घेऊन माझ्याकडे जे जे आले त्यांचा टॅक्सचा आकडा बहुतेक वेळा रुपयापर्यंत जुळायचा. नंतर सरकारनं हे दर बरेच खाली आणलेत, त्यामुळे आज ७७ धरून घाबरू नका, पण दर बजेटला बदलतात म्हणून ऑर्डर देतानाच्या दिवशीचा दर बघा, दोन वर्षांपूर्वी मित्राला किती लागलं त्यावर जाऊ नका. विमानातून येणाऱ्या माणसाला बॅगेत सामान आणायची जी सूट असते ती पार्सलला मिळत नाही, हे पण लक्षात असू दे, फार जण तिथे गोंधळतात.

दुसरा गोंधळ गिफ्टचा. पूर्वी ५,००० रुपयांपर्यंतचं गिफ्ट पोस्टानं किंवा कुरिअरनं ड्युटीशिवाय यायचं. मग काही परदेशी शॉपिंग ॲप आपल्या ऑर्डरीच गिफ्ट म्हणून पाठवायला लागली, ढिगानं, आणि १२ डिसेंबर २०१९ ला डीजीएफटीनं, म्हणजे केंद्र सरकारच्या परदेशी व्यापार खात्यानं, नोटिफिकेशन काढून ती वाट बंद केली. आता राखी आणि जीव वाचवणारी औषधं एवढंच त्या सवलतीत राहिलंय, राखी म्हणजे फक्त राखी, सोबतचं चॉकलेट नाही. बाकी गिफ्ट येऊ शकतं पण पूर्ण ड्युटी भरून. तरीसुद्धा आजही विक्रेते विचारतात, गिफ्ट लिहू का, किंमत कमी दाखवू का? आपल्याला वाटतं भला माणूस आहे, आपले पैसे वाचवतोय. कृपा करून हो म्हणू नका. कागदावर इम्पोर्टर तुम्ही असता, तो नसतो. ऑफिसरला किंमत पटली नाही तर तो ती नाकारू शकतो, पेमेंटचा पुरावा मागतो, बँक स्टेटमेंट मागतो, आणि खोटं निघालं तर दंड किंवा माल जप्त व्हायची वेळ तुमच्यावर येते, विक्रेता तिकडे मजेत असतो.

आता कुरिअरची फी. यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे. होतं असं की माल मुंबईत उतरला की कुरिअर कंपनी तुमच्या नावानं बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा कस्टम्सचा फॉर्म भरते, तुमची केवायसी लावते, आधार किंवा पॅन किंवा पासपोर्ट, आणि ड्युटी आधी स्वतः भरून माल सोडवून घेते. मग ती रक्कम तुमच्याकडून वसूल करते आणि आम्ही तुमच्यासाठी पैसे गुंतवले म्हणून वर एक चार्ज लावते. कुणी त्याला ॲडव्हान्समेंट फी म्हणतं, कुणी डिस्बर्समेंट, कुणी प्रोसेसिंग. हा चार्ज बहुधा असा असतो की ड्युटीच्या अमुक टक्के किंवा किमान अमुक रुपये, जे जास्त असेल ते, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. या किमान रकमेत लहान गिऱ्हाईक मारलं जातं. लाखाचा माल आणणाऱ्याला ही फी जाणवत पण नाही, पण कुणी पोरानं कीबोर्डचे सुटे पार्ट मागवले, किंवा एखाद्या बाईनं विणकामाच्या सुया आणि लोकर मागवली, ड्युटी झाली चारशे रुपये आणि फी ड्युटीपेक्षा जास्त, असे कागद मी हातात घेऊन बघितलेत. काम केलं त्याचे पैसे घ्यावेत, मी स्वतः त्याच धंद्यात आहे, माझं त्याला काही म्हणणं नाही. पण ही कंपनी तुम्ही निवडलेली नसते हो! विक्रेत्यानं निवडलेली असते, करार त्यांचा, रेट त्यांचा, आणि बिल तुमच्या दारात, आणि तुम्ही पैसे देईपर्यंत गोदामाचं भाडं चालू. माणूस वैतागून पैसे देतो आणि सोडून देतो.

म्हणून ऑर्डरच्या आधी विक्रेत्याला एक प्रश्न विचारा, माल डीडीपीवर पाठवणार का. डीडीपी म्हणजे ड्युटी विक्रेता भरणार, साइटवर दिसते तीच शेवटची किंमत. डीएपी किंवा डीडीयू लिहिलं असेल तर ड्युटी तुमच्या डोक्यावर. शिपिंग फ्री आहे म्हणजे भाडं फ्री, त्याचा ड्युटीशी काही संबंध नाही. आणि घाई नसेल तर पोस्टानं पाठवायला सांगा. पोस्टाचं पार्सल बॅलार्ड इस्टेटच्या फॉरेन पोस्ट ऑफिससारख्या ठिकाणी तपासलं जातं आणि ड्युटी पोस्टमन दारात घेतो, पोस्टाची स्वतःची फी कुरिअरच्या मानानं किरकोळ असते. वेळ लागतो, ट्रॅकिंग अधूनमधून गायब होतं, पण हलक्या, स्वस्त वस्तूला मी तरी पोस्टच सांगतो.

आणि बिल आलंच तर भरायच्या आधी, निदान भरल्यावर तरी, बिल ऑफ एंट्रीची कॉपी मागा. एसएमएसमधला एकच आकडा घेऊन गप्प बसू नका. कॉपीत काय बघायचं? किंमत तुम्ही भरली तीच आहे का, भाडं २० टक्क्यांच्या वर धरलंय का, वस्तू कुठल्या हेडिंगखाली टाकली. छापील पुस्तकांना २०१९ च्या बजेटपासून ५ टक्के बेसिक ड्युटी आहे आणि आयजीएसटी नाही, मग पुस्तकाच्या पार्सलवर भलताच आकडा आला तर हेडिंग कुठलं लावलं ते विचारायलाच हवं. कुरिअरचे लोक दिवसाला ढिगानं पार्सल काढतात, इन्व्हॉइसवर नुसतं पार्ट्स किंवा ॲक्सेसरी लिहिलेलं असतं, मग सोयीचं हेडिंग पडतं. माल सुटायच्या आधी विचारलंत तर दुरुस्ती सोपी असते, नंतर कागदोपत्री फार वेळ जातो.

कायदा तुमच्या बाजूनं काय म्हणतो ते पण सांगतो, कारण हे फार कमी लोकांना माहीत आहे. २०२० चे ई-कॉमर्सचे ग्राहक संरक्षण नियम आहेत, त्यात विक्रेत्यानं एकूण किंमत एका आकड्यात दाखवायची, आणि डिलिव्हरी, हँडलिंग, लागू असलेला टॅक्स असे सगळे चार्ज फोडून दाखवायचे असं लिहिलंय. भारतात ऑफिस नसलं पण भारतातल्या गिऱ्हाइकांना पद्धतशीर माल विकत असेल तर ते नियम त्या साइटलाही लागतात. मग चेकआउटच्या पानावर इम्पोर्ट चार्ज एक्स्ट्रा असू शकतात अशी बारीक ओळ टाकून कसं चालेल? १९१५ या नॅशनल कन्झ्युमर हेल्पलाइनवर तक्रार करा. एकानं करून काही हलत नाही, पण शंभर जणांनी केली की दखल घ्यावीच लागते. ज्या साइट ड्युटीचा अंदाज आधी घेऊन नंतर उरलेले पैसे परत देतात त्या आहेतच की, म्हणजे हे करता येतं.

हा त्रास एकाच दिशेनं नाही बरं. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतचा माल ड्युटीशिवाय जायचा, ती सूट २९ ऑगस्ट २०२५ ला सगळ्या देशांसाठी बंद झाली, त्याच्या चार दिवस आधी आपल्या पोस्टानं तिकडे जाणारी पार्सलं घेणंच थांबवलं होतं, १०० डॉलरपर्यंतच्या गिफ्टसारखे अपवाद सोडून. ती सेवा परत चालू झाली १५ ऑक्टोबरला, म्हणजे ऐन दिवाळीच्या तोंडावर, वसुबारस १७ ला होती. ज्यांनी पुण्या-मुंबईच्या दुकानांतून न्यू जर्सीला, टेक्सासला फराळ आणि साड्या मागवल्या त्यांना तिकडे कुरिअरचं ड्युटीचं बिल गेलं, वर तीच प्रोसेसिंग फी. इथल्या दुकानदारांना माझं हात जोडून सांगणं आहे, जो अनुभव आपल्याला परदेशी साइटचा येतो तो आपण आपल्या गिऱ्हाइकाला देऊ नका. चकलीचा डबा विकताना ड्युटी कोण भरणार ते बिलावरच लिहा.

फ्रॉडबद्दल थोडक्यात. पार्सल अडकलंय, या लिंकवर पैसे भरा असा मेसेज आला तर लिंक उघडू नका, ट्रॅकिंग नंबर स्वतः कुरिअरच्या साइटवर टाकून बघा. कस्टम्स कधी कुणाच्या वैयक्तिक खात्यात किंवा यूपीआयवर ड्युटी मागत नाही, आणि त्यांच्या अधिकृत पत्रावर डीआयएन, म्हणजे त्या पत्राचा ओळख नंबर असतो, तो सीबीआयसी या कस्टम्सच्या केंद्रीय बोर्डाच्या साइटवर तपासता येतो. पार्सलमध्ये ड्रग्ज सापडले म्हणून व्हिडिओ कॉल आला तर फोन ठेवा आणि १९३० ला कळवा. वयस्कर आई-वडिलांना हे आजच सांगा.

आता मागून प्रश्न आला होता, की लेन्स दुरुस्तीला परदेशात पाठवली आणि परत आली तर पुन्हा पूर्ण ड्युटी का लावली. खूप चांगला प्रश्न, कारण ती लागायला नको. २०१७ चं ४५ नंबरचं नोटिफिकेशन आहे, त्यात दुरुस्तीहून परत आलेल्या मालाला फक्त दुरुस्तीचा खर्च, इन्शुरन्स आणि जाण्यायेण्याचं भाडं यावरच ड्युटी आहे, तीन वर्षांच्या आत परत आला पाहिजे. पण ती वस्तू तीच आहे हे ऑफिसरला दिसायला हवं, म्हणून पाठवताना कागदावर सिरियल नंबर लिहून घ्या, रिपेअर अँड रिटर्न असं स्पष्ट लिहा, शिपिंग बिलाची, म्हणजे माल बाहेर पाठवतानाच्या कस्टम्सच्या कागदाची, कॉपी जपून ठेवा, आणि माल परत निघायच्या आधी कुरिअरला मेल करून ती कॉपी जोडा. माल आल्यावर कागद शोधायला गेलात तर तोपर्यंत नवीन माल म्हणून बिल ऑफ एंट्री भरलेली असते. तुमच्या लेन्सच्या पार्सलचा शिपिंग बिल नंबर असेल तर कार्यक्रम झाल्यावर मला दाखवा, काय करता येतं ते बघू.