खाटेवरून ऐकलेलं गाणं

देवास. माळव्यातलं तेव्हाचं लहानसं संस्थानी गाव, आणि ही चामुंडा मातेची टेकडी. 1948 च्या जानेवारीत 23 वर्षांचा एक गवई इथं आला, तो गायला नाही, बरा व्हायला. क्षय झाला होता. डॉक्टरांनी गाणं बंद केलं होतं.

त्याचं नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळीमठ. जन्म 8 एप्रिल 1924, बेळगावजवळचं सुळेभावी. पोरवयातच मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून हुबेहूब गायचा. एका मठाच्या स्वामींनी ‘कुमार गंधर्व’ म्हटलं आणि तेच नाव झालं. पुढं मुंबईत संगीतशिक्षक बी. आर. देवधर मास्तरांकडे शिक्षण. मास्तरांकडे सगळ्या घराण्यांचे उस्ताद येत-जात, त्यामुळे कान एका वाटेला बांधला गेला नाही.

आणि आता हा गळा पाच-सहा वर्षं गप्प.

पण कान उघडे होते. खाटेवर पडल्या पडल्या रस्त्यावरून जाणाऱ्या बायकांची गाणी ऐकू येत. भिक्षेला आलेले नाथपंथी जोगी निर्गुणी, म्हणजे निराकार ईश्वराची, भजनं म्हणत. चार-पाच सुरांत फिरणारी धून, संपली की पुन्हा तिथूनच सुरू. कुमारजींना त्यात रागाचं बीज दिसलं. राग आधी शास्त्रात आणि मग गळ्यात, असं नाही. तो या धुनांतूनच उगवला. पुढं मालवती, संजारी, लगनगंधार असे जे राग त्यांनी बांधले, त्यांना ते ‘धुनउगम राग’ म्हणत.

त्या वर्षांत घर चालवलं पत्नी भानुमतींनी. त्या स्वतः गायिका, देवधर मास्तरांच्याच शिष्या. शाळेत नोकरी करायच्या आणि घरी शुश्रूषा. कुमारजींच्या गाण्याची गोष्ट त्यांच्याशिवाय सांगताच येत नाही.

स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचं औषध आलं, आजार हटला. एक फुप्फुस मात्र निकामी झालं. 1953 मध्ये ते पुन्हा मैफलीत बसले.

दम पुरत नाही म्हणून तुकड्यांत गातात, असं तेव्हापासून म्हटलं गेलं. हे पटत नाही. नीट ऐका. पुकारलेला सूर मध्येच थांबतो, क्षणभर काहीच नाही, आणि मग अगदी बारीक, जणू लांबून आलेला स्वर. ती शांतता श्वासासाठी नाही. तीही गायलेलीच आहे.

याच टेकडीवर देवीला बळी द्यायला बकरी नेत. ‘मधसूरजा’ या, सूर्य डोक्यावर आलेल्या वेळेच्या रागातली त्यांची बंदिश त्या बकरीच्या तोंडी आहे. आई, वाचव मला, घरी माझं पिल्लू एकटं आहे. ख्याल गायकीतल्या बंदिशी सासू-नणंद आणि कान्हा यांच्यातच रमलेल्या, तिथं ही बकरी आली. किती धाडस लागलं असेल!

1961 मध्ये बाळंतपणात भानुमती गेल्या. पुढं दुसऱ्या पत्नी, गायिका वसुंधराताई आयुष्यात आल्या आणि मैफलीतही. ‘अनूपरागविलास’ हा बंदिशींचा ग्रंथ, पावसाच्या गाण्यांचा ‘गीतवर्षा’ कार्यक्रम, कबीराची भजनं. विलंबित, म्हणजे संथ लयीतलं गाणं, नीट नाही, घराणं मोडलं, हे आक्षेपही शेवटपर्यंत. 1990 मध्ये पद्मविभूषण. 12 जानेवारी 1992 ला देवासमध्येच ते गेले.

मैफलीआधी ते स्वतः तंबोरे लावत. घाई नाही. खुंटी किंचित पिळायची, घोडीवरचा, तारेखालचा दोरा केसभर सरकवायचा, कान तारेजवळ न्यायचा. पुन्हा खुंटी. तारांतून गंधार, म्हणजे ‘ग’, आपोआप घुमू लागेपर्यंत. मग डोळे मिटून पहिला षड्ज, पहिला ‘सा’.