चालता चालता मीटिंग: कोणती घ्यावी, कोणती टाळावी

नमस्कार. कामाची मीटिंग खुर्चीत बसून न घेता बाहेर चालत घ्यावी, असा सल्ला हल्ली सर्रास दिला जातो. मात्र कोणती मीटिंग चालताना घ्यावी, हे फारसे कोणी सांगत नाही.

२०१४ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील मॅरिली ओपेझो आणि डॅनियल श्वार्ट्झ यांनी याविषयीचे प्रयोग प्रसिद्ध केले. नेहमीच्या वापरातील वस्तूचे नवे उपयोग सुचवायला सांगितल्यावर बसलेल्यांपेक्षा चालणाऱ्यांना बऱ्याच जास्त कल्पना सुचल्या. अगदी कोऱ्या भिंतीकडे तोंड करून ट्रेडमिलवर चालणाऱ्यांनासुद्धा. परंतु ज्या कोड्यांचे उत्तर एकच होते, ती सोडवताना मात्र चालणारे किंचित मागे पडले. हा दुसरा भाग सहसा गाळला जातो आणि माझ्या मते तोच अधिक उपयोगाचा आहे. नवे काही सुचवायचे असेल किंवा अडलेला प्रश्न मोकळेपणाने बोलायचा असेल, तर जरूर चाला. अंदाजपत्रकातील आकडे किंवा कराराची कलमे तपासायची असतील, तर निमूटपणे टेबलाशी बसा. प्रत्यक्ष बरोबर चालणार असाल, तर दोघेच असलेले बरे, कारण अरुंद वाटेवर तिसरा हमखास मागे राहतो आणि नुसती मान डोलावत येतो.

फोनवरच्या मीटिंगमध्ये खरा त्रास वाऱ्याचा होतो. वाऱ्याचे झोत माइकवर आदळले की त्याची घरघर पलीकडच्यांना ऐकू जाते, तुम्हाला नाही. इअरफोनमधील नॉइज कॅन्सलेशन तुमच्या कानापुरती शांतता निर्माण करते, त्यामुळे सारे सुरळीत असल्याचा गैरसमज आणखी पक्का होतो. म्हणून आपण चालत आहोत हे सुरुवातीलाच सांगावे, बोलायचे नसेल तेव्हा माइक म्यूट ठेवावा आणि महत्त्वाचा मुद्दा मांडताना आडोशाला थांबावे. वेग असा असावा की धाप न लागता पूर्ण वाक्य बोलता येईल. एक कान मोकळा ठेवावा. रस्ता ओलांडताना तर बोलणे थांबवलेच पाहिजे, मग पलीकडे साहेब का असेनात.

राहिला प्रश्न टिपणांचा. ठरलेले मुद्दे परतल्यावर लिहू म्हटले, की त्यांतले निम्मे वाटेतच गळतात. त्यामुळे मीटिंग संपताच जागेवर थांबून कोणी, काय आणि कधीपर्यंत करायचे, एवढे व्हॉइस नोटमध्ये बोलून सर्वांना लगेच पाठवावे.