नाका कुठं, गाव कुठं

नमस्कार मंडळी! आज जरा रस्त्याबद्दल बोलू, कारण आपल्या सोलापुरात रस्त्याचा विषय निघाला की गप्प बसणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

आधी एक गोष्ट क्लिअर करू. आपण सरसकट सगळ्याला हायवे म्हणतो, पण हायवे वेगळा, एक्सप्रेसवे वेगळा. हायवेला बांधावरून, ढाब्यावरून, बोळातून कुठूनही गाडी घुसते, एक्सप्रेसवेला मात्र ठरलेल्या ठिकाणीच चढायचं आणि ठरलेल्या ठिकाणीच उतरायचं. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे बघा, २००२ ला पूर्ण झाला, ९४.५ किमी, सहा लेन, त्यावर टू-व्हीलर, रिक्षा, ट्रॅक्टर कुणालाच एन्ट्री नाही, त्यांच्यासाठी जुना हायवे आहेच.

आपलं सोलापूर नेमकं उलटं घडलं. पुणे-हैदराबाद रस्ता, जुने ड्रायव्हर अजून त्याला नऊ नंबरच म्हणतात, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ९, आता तो ६५ झाला. धुळ्याहून तुळजापूरमार्गे येणारा २११ आणि विजापूरला जाणारा १३, हे दोन्ही आता ५२ मध्ये गेले. शिवाय अक्कलकोट, मंगळवेढा, बार्शी आहेच. हे सगळे रस्ते गावाच्या पोटातच येऊन मिळायचे बघा! जुना पुणे नाका, बोरामणी नाका ही नावं काय उगाच पडली नाहीत, गाव तिथं संपायचं. आज नाका भर वस्तीत आलाय.

मला लहानपणचं आठवतं, पुणे नाक्यावर रस्ता ओलांडायचा म्हणजे वडील माझं मनगट असं करकचून धरायचे की पलीकडं गेल्यावर बोटांचे लाल वळ दिसायचे, आणि समोरून ताडपत्री फडफडत, दोरखंड करकरत ट्रकमागून ट्रक चाललेले, एक गेला की धुरळा बसायच्या आत दुसरा हजर. म्हणून केगाव-हत्तूर बायपास मला मोलाचा वाटतो, पुण्याहून विजापूरला जाणाऱ्या ट्रकचं आपल्या गावात तसं कामच काय होतं?

आता सुरत-चेन्नई एक्सप्रेसवे आखलाय, आपल्या जिल्ह्यात बार्शी, दक्षिण सोलापूर, अक्कलकोट या भागातून. गाडी किती स्पीडनं पळणार याचंच कौतुक जास्त चाललंय, मला मात्र चढाय-उतरायची जागा कुठं देतात ते बघायचंय. अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा माल सरळ वर चढला तर फायदा, नाहीतर पन्नास किलोमीटर वळसा घालून कोण जाणार? आणि ज्याच्या रानातून तो रस्ता जातो त्याचं काय, विहीर एका बाजूला आणि पीक दुसऱ्या बाजूला राहिलं तर बैल घेऊन त्यानं जायचं कुठून?

तेव्हा मंडळी, मोजणीला माणसं आली की चहापाणी जरूर करा, पण नकाशा हातात घ्या, आपल्या गटापासून अंडरपास किती लांब पडतोय ते विचारा, आणि उत्तर लेखीच मागा.