पहाटे मासा वर का येतो?

नमस्कार शेतकरी बंधू-भगिनींनो. आज शेततळ्यातल्या माशांविषयी बोलायचंय, आणि त्याच तळ्यावरच्या कोंबड्यांविषयी. हे दोन धंदे एकमेकांना धरून चांगले चालतात, पण हिशोब चुकला की कोंबडीची विष्ठा माशाचा जीव घेते. म्हणून एक वाक्य आधीच सांगून ठेवतो, ते पुन्हा पुन्हा कानावर येईल: आभाळ भरलं की माशांचं खाद्य बंद.

तळं कसं असतं ते तुम्हाला सांगायला नको. टेंभू, म्हैसाळ, ताकारी या उपसा सिंचन योजनांचं पाणी फिरायला लागलं तसं सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी, खानापूर, कवठेमहांकाळ, जत भागात बागेच्या कडेला प्लास्टिक अंथरलेलं तळं आलंच. 30 मीटर लांब, 30 मीटर रुंद, 3 मीटर खोल. जागा नऊ गुंठे, आणि काठोकाठ भरलं तर पाणी साधारण 22 लाख लिटर. पाण्यात हवा मारणारा एअरेटर नसेल तर एवढ्या तळ्यात बोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशाची पिल्लं, सोडायची पाचशे, फार तर सहाशे. बीज विकणारा म्हणेल, हजार न्या, निम्मी मरतातच. निम्मी मरत असतील तर बीज वाईट आहे, नाहीतर सोडायची पद्धत. बीजाची पिशवी आधी अर्धा तास तळ्याच्या पाण्यावर तरंगत ठेवा, मग थोडं थोडं तळ्यातलं पाणी पिशवीत घ्या, मग मासा आपणहून बाहेर जाऊ द्या. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाला. प्लास्टिकच्या तळ्यात खाली चिखल नसतो, म्हणून मृगळाला तिथं फारसं काही मिळत नाही. पाचशेत शंभरावर मृगळ नको.

आता आटपाडी तालुक्यातल्या एका वस्तीवरची गोष्ट ऐका. ही ऐकली की पुढचं निम्मं सांगावं लागत नाही.

तळं असंच, नऊ गुंठ्यांचं. मासे पाचशे, वजनानं चारशे ग्रॅमला आलेले. तळ्याच्या एका बाजूला पाण्यावर खांब रोवून कोंबड्यांचा शेड केलेला, खाली जाळी, म्हणजे विष्ठा थेट पाण्यात. कोंबड्या दोनशे. पहिले दोन महिने सगळं झकास. पाणी हिरवंगार झालं, मासा फुगला. घरचे आजोबा येणाऱ्या-जाणाऱ्याला काठावर नेऊन सांगायचे, "हिरवं पानी म्हंजी माशाचं दूध हाय."

श्रावण लागला आणि झड बसली. तीन दिवस सूर्य दिसला नाही. चौथ्या दिवशी पहाटे पाचला सून धारेला उठली, तर तळ्याकडून आवाज, चप् चप् चप्, म्हशीनं बादलीतलं पाणी ओढावं तसा. बॅटरी मारून बघते तर सगळा काठ माशांच्या तोंडांनी भरलेला.

"मामा, मासं बगा की. तोंड वासून वर आल्यात."

"भुकेजल्यात गं. तीन दिस पानी थंडगार हाय. टाक पेंड."

चारशे ग्रॅमचे पाचशे मासे म्हणजे दोनशे किलो वजन. दिवसाला दोन टक्के धरलं तर उन्हाच्या दिवशी चार किलो खाद्य पुरे. अर्धा भाताचा कोंडा, अर्धी शेंगदाणा पेंड. सुनेनं आठ किलोची बादली पालथी केली, तीही अशा दिवशी, जेव्हा मूठभरही टाकायचं नव्हतं. पण ती तिथून हलली नाही. बघत राहिली. पेंड पाण्यावर पसरली आणि एकही मासा तिच्याकडं वळला नाही. भुकेला मासा खाद्य पडताच धावतो. गुदमरलेला मासा जागचा हलत नाही. तिनं वाकून एका कटल्याच्या पाठीला बोट लावलं, तरी तो दचकला नाही.

"मामा, खात न्हाईत. ह्यास्नी भूक न्हाई, दम लागलाय."

एक बाजूची गोष्ट सांगतो. शेडात, गोठ्यात, तळ्यावर दिवसभर राबते बाई आणि प्रशिक्षणाच्या यादीत नाव असतं बाप्याचं. चहा-नाश्ता करून तो घरी येतो आणि पत्रक कपाटात ठेवतो. ज्या गावांत बायका स्वतः प्रशिक्षणाला बसतात, तिथली जनावरं बघा एकदा. असो.

तर दम लागला, म्हणजे पाण्यातला प्राणवायू संपला. नवरा उठून आला. शेतीची लाईट त्या आठवड्यात रात्रीची होती, ती येऊन गेलेली. मोटर बंद. तो पळाला ट्रॅक्टरकडं, द्राक्षाचा ब्लोअर आणून तळ्यावर फवारा मारायला. डोकं चांगलं चाललं होतं, पण त्या टाकीतून दोनच दिवसांपूर्वी बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं बुरशीचं औषध, मारलेलं. सून ओरडली, "अवो, त्यात मोरचूद हाय!" तांबं माशाला विष. उरलेसुरले तासाभरात गेले असते.

मग शेजारच्या भाऊबंदाचं डिझेल इंजिन आणलं. तळ्यातलंच पाणी वरच्या थरातून ओढलं आणि पाईपचं तोंड शेडच्या वळचणीला बांधलं, पाणी पडेल ते खाली आडव्या धरलेल्या पन्हाळी पत्र्यावर. पाणी पत्र्यावर आपटायचं, फुटायचं आणि शिंतोडे होऊन तळ्यात पडायचं. एवढंच. दहा-पंधरा मिनिटांत मासे त्या शिंतोड्यांखाली गोळा झाले. आठ वाजता ढगातून जरा उजेड आला तशी एकेक तोंडं खाली गेली. इंजिन मात्र नऊपर्यंत चालू ठेवलं.

मेले 42. सगळे कटले, आणि त्यातही मोठे मोठे. आजोबांनी काटा आणून वजन केलं, सतरा किलो भरलं. कोणाशी बोलले नाहीत. खड्डा काढून, चुना टाकून पुरले.

आता यातलं काय कशामुळं झालं? पाणी हिरवं असतं शेवाळामुळं. दिवसा उन्हात ते प्राणवायू सोडतं, रात्री मात्र माशासारखंच प्राणवायू खातं. म्हणून पहाटे चार ते सहा ही वेळ सगळ्यांत वाईट. ढगाळ हवेत दिवसाची जमा होत नाही, रात्रीचा खर्च चालूच. तीन दिवसांत शिल्लक संपते. त्यात विष्ठा आणि न खाल्लेली पेंड कुजते, तीही प्राणवायू खाते. लिटरमागे 5 मिलिग्रॅम असेल तर मासा मजेत असतो, 3 च्या खाली आला की वर येतो. पुन्हा सांगतो, पहाटे वर आलेल्या माशाला पेंड नाही, हवा द्या. आणि आभाळ भरलं की खाद्य बंद. दोन-तीन दिवस न खाल्ल्यानं मासा मरत नाही.

मेलेला मासाही काही सांगतो. मोठे आधी गेले, तोंड उघडं, कल्ले फाकलेले, वेळ पहाटेची, तर सहसा हवा कमी पडली. लहान-मोठे सगळेच दिवसाढवळ्या तडफडले, तर विष आलं. आपल्या भागात ते बहुतेक बागेतून येतं. ब्लोअरची टाकी तळ्याच्या काठावर धुऊ नका. सायपरमेथ्रीनसारखं कीटकनाशक अगदी थोडं पुरतं.

पाणी किती हिरवं चालेल, याला यंत्र नको. हात कोपरापर्यंत पाण्यात घाला. कोपर बुडाल्यावर तळवा अंधुक दिसला तर ठीक. मनगटाच्या पुढंच दिसेना झालं तर खत जास्त झालं. विष्ठा थांबवा आणि पाळीचं पाणी आलं की थोडं बदला. कॅनॉलचं पाणी घेताना तोंडाला बारीक जाळी बांधा, नाहीतर तिलापिया आत येतो आणि वर्षात तळं त्याचंच होतं.

कोंबड्यांचा हिशोब असा: एक हेक्टर पाण्याला पाचशे ते सहाशे पक्षी. नऊ गुंठ्यांना पन्नास. त्या घरात होते दोनशे, चौपट. पुढं त्यांनी दीडशे पक्षी काठावर भुशावर हलवले, पन्नास पाण्यावर ठेवले. शेड जंतुनाशकानं धुतला की ते पाणीही तळ्यात सोडायचं नाही, चर काढून दुसरीकडं वळवा.

ब्रॉयलरवर, म्हणजे मांसासाठी पाळायच्या कोंबडीवर, आज सविस्तर बोलायचं होतं, पण घड्याळ पळतंय. पक्ष्याला एक ते सव्वा चौरस फूट जागा, शेडची लांबी पूर्व-पश्चिम, पिल्लांना पहिला आठवडा 95 अंश फॅरनहाइट आणि मग दर आठवड्याला पाच अंश कमी. पिल्लं दिव्याखाली गोळा झाली तर थंडी, दिव्यापासून लांब पळाली तर उष्णता, एकाच बाजूला दाटली तर वाऱ्याचा झोत येतोय. आणि ब्रॉयलर इंजेक्शन देऊन फुगवतात असं म्हणणाऱ्यांनी पाच हजार पक्ष्यांना रोज इंजेक्शन द्यायला माणसं कुठून आणायची तेही सांगावं. वाढ जातीची आणि खाद्याची आहे.

राहता राहिलं एक. प्लास्टिकचं तळं ओलं झालं की साबणासारखं निसरडं होतं, पोहणाऱ्यालाही काठ चढता येत नाही. चारही बाजूंनी गाठी मारलेला जाड दोर खुंटीला बांधून पाण्यात सोडून ठेवा, भोवतीनं कुंपण करा. पाऊस तोंडावर आहे, दोर आजच बांधा. नमस्कार.