प्रवासखर्चाचं बिल कुठे भरायचं?

एक कर्मचारी कामानिमित्त बाहेरगावी जाऊन आलाय आणि त्याला खर्चाचं बिल भरायचंय. इंट्रानेट, म्हणजे कंपनीची अंतर्गत वेबसाइट, उघडलं की वरच्या पट्टीत दिसतं: मनुष्यबळ, वित्त, प्रशासन, विधी. फॉर्म वित्त विभागाचा, भत्त्याचे नियम मनुष्यबळाचे, तिकिटं काढली प्रशासनानं. तीन दारं ठोठावून तो शेवटी शेजारच्याला विचारतो, आणि शेजारी त्याला स्वतःकडे कधीचा उतरवून ठेवलेला फॉर्म पाठवतो. मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे. वाया गेलेली दहा मिनिटं भरून निघतील. रद्द झालेला फॉर्म मात्र हातोहात फिरत राहतो.

असा मेनू तयार होतो, कारण प्रत्येक विभागाला आपली पाटी वर हवी असते. पण शोधणाऱ्याच्या मनात विभाग नसतो, काम असतं. मग 'प्रवास' असं एकच सदर करा. तिकीट, भत्ता, बिल सगळं तिथे. विभागांची नावं बदलली, दोन विभाग एक झाले, तरी 'प्रवास' आणि 'रजा' जागच्या जागी राहतात.

यावर हमखास प्रश्न येतो: एक पान दोन सदरांत बसत असेल तर? ग्रंथपालांनी यावर आपल्या आधी पुष्कळ विचार केलाय. पुस्तकं विषयवार लावायची ड्यूईंची दशांश पद्धत 1876ची. तिच्यात पुस्तकाला एक क्रमांक आणि फडताळावर एक जागा. रंगनाथन यांनी 1933मध्ये द्विबिंदू वर्गीकरण मांडलं, त्यात एकाच विषयाचे निरनिराळे पैलू वेगळे करून जोडले. आपल्याला तर फडताळाचीही अडचण नाही. पान एकच ठेवा आणि त्याकडे येणाऱ्या वाटा हव्या तितक्या करा. पानाची प्रत मात्र कधीही काढू नका; सहा महिन्यांत दोन्हींतले नियम वेगळे झालेले असतात.

सदरं ठरवायला कार्ड सॉर्टिंग करा. चिठ्ठ्यांवर पानांची नावं लिहा, निरनिराळ्या कामांवरचे पंधरा-वीस जण निवडा, प्रत्येकाला आपापले गठ्ठे लावू द्या आणि गठ्ठ्याला नावही त्यालाच देऊ द्या. त्या नावांकडे नीट लक्ष द्या. आपण 'प्रतिपूर्ती' लिहितो, लोक 'खर्चाचे पैसे' म्हणतात. सर्चमध्ये लोक काय टाइप करतात, त्या नोंदीही हेच सांगतात.

मग उलटी परीक्षा घ्या, म्हणजे ट्री टेस्ट. रंग, चित्रं, सर्च काहीही नाही, फक्त मेनूतली नावं. 'चष्म्याचे पैसे परत मिळतात का, शोधा' असं काम द्या आणि माणूस पहिल्यांदा कुठे जातो ते टिपून ठेवा. पहिलं वळण चुकलं तर आतलं पान कितीही सुरेख असो, तो तिथे पोचतच नाही. ही चाचणी कोडची एक ओळही लिहिण्याआधी घेता येते, म्हणून मी तिचा इतका आग्रह धरतो.

'मेनूत सातच पर्याय हवेत' हा नियम सोडून द्या. त्यासाठी ज्याचा दाखला देतात तो मानसशास्त्रज्ञ मिलर यांचा 1956चा लेख तात्पुरत्या स्मरणशक्तीबद्दल होता. मेनू तर डोळ्यांसमोर असतो, पाठ करावा लागत नाही. स्पष्ट नावांचे दहा पर्याय 'संसाधने', 'सेवा', 'इतर' अशा मोघम पाच पर्यायांपेक्षा कितीतरी बरे.

आणि प्रत्येक पानावर ते कोण सांभाळतं आणि शेवटचं कधी तपासलं, हे छापा. तो माणूस नोकरी सोडून जाताना जसं ओळखपत्र जमा करतो, तशीच त्याची पानंही दुसऱ्याच्या नावावर झाली पाहिजेत.